लहान शाळांच्या शिक्षकांची ऑनलाइन बैठक कशी चालवावी

दोन शिक्षकी शाळेत शाळेबद्दल बोलायला माणूसच नसतो. सोबतच्या बाई यूडायसची, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदीतली, शाळेची माहिती भरण्यात गुंतलेल्या असतात. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांची शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते आणि तिथेही निम्मा वेळ सूचना वाचण्यात जातो. व्हॉट्सअ‍ॅपचे पाच-सहा ग्रुप असतात, पण त्यांत सुप्रभात, वाढदिवस आणि पीडीएफ यांचीच गर्दी. शाळेतला टीव्ही पावसाळ्यात का रुसतो, टाकीतलं पाणी फेब्रुवारीतच तळाला का जातं, यावर बोलायला वेगळी बैठक लागते. ती उभी करणं अवघड नाही, फक्त काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात.

पहिलं काम, माणसं निवडणं. एकाच केंद्रातले दहा जण घेऊ नका, ते भेटतातच. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तापोळ्याकडची एक शाळा, पाटणच्या डोंगरातली एक, कोरेगावची एक, म्हसवडच्या बाजूची एक, असं जमवा. सांगलीकरांनी पावसाचा शिराळा आणि कोरडा जत एकत्र आणावेत. सहा ते आठ शाळा पुरेत, त्याहून जास्त झाल्या की निम्मे लोक नुसते ऐकतात. साहेबांना कायमचं घेऊ नका. केंद्रप्रमुखांना अधूनमधून पाहुणे म्हणून बोलवा, नाहीतर बैठकीचा आढावा होतो.

वेळ शनिवारी दुपारी बाराची ठेवा. सकाळची शाळा सुटलेली असते, शिक्षक अजून शाळेतच असतात आणि बंद पडलेली वस्तू जागेवरच दाखवता येते. रात्री आठला ठेवाल तर शिक्षिका भाकरी थापता थापता कानात इयरफोन घालून बसतील आणि बोलणार कोणीच नाही.

माध्यमावर फार डोकं लढवू नका. फुकटच्या खात्यावर तीन किंवा अधिक जण असले की गूगल मीट 60 मिनिटांनी थांबतं, झूम 40 मिनिटांनी. ही मर्यादा मला तरी सोयीचीच वाटते. कॅमेरा बंद ठेवायचा, वस्तू दाखवायची असेल तेव्हाच सुरू करायचा. डेटा वाचतो आणि तुटक रेंजमध्येही आवाज टिकतो. फोटो आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकायचे. कोयनेच्या बॅकवॉटरकडे इंटरनेट नसलं तरी काही ठिकाणी साधा फोन लागतो. तिथल्या गुरुजींना एकाने साध्या कॉलवर घ्यायचं आणि स्पीकर सुरू करून तो मोबाइल लॅपटॉपशेजारी ठेवायचा. आवाज घुमला तर लॅपटॉपचा स्पीकर थोडा कमी करायचा.

विषय एका वेळी एकच. ‘पर्यावरण’ किंवा ‘डिजिटल शिक्षण’ असा विषय ठेवलात तर भाषणं होतील. ‘आपल्या छतावरून किती पाणी वाहून जातं’ असा ठेवा आणि प्रत्येकाला एक आकडा घेऊन यायला सांगा. इथे थोडं थांबून हिशेब दाखवतो, कारण अशा बैठकीत खरी गंमत इथेच येते.

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्गखोल्यांचं छत 50 बाय 20 फूट असेल तर ते साधारण 93 चौरस मीटर भरतं. दहा मिलिमीटरच्या सरीत 930 लिटर पडतात. पन्हळीतून सांडणारं आणि उडून जाणारं वजा केलं तरी 750 लिटरच्या आसपास हाती लागतात. माणच्या 500 मिलिमीटरला हेच गणित वर्षाला 37,000 लिटरच्या आसपास जातं. चाळीस मुलांचं हात धुणं आणि ताटं धुणं मिळून माणशी पाच लिटर धरले तर रोजचे 200 लिटर, म्हणजे 185 दिवसांचं पाणी. दुष्काळी तालुक्यातल्या शाळेला हे ऐकून धक्काच बसतो. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, साठवायचं कुठे? पाच हजार लिटरची टाकी भरली तर 25 दिवस जातात. म्हणजे अडचण पावसापेक्षा टाकीची आहे. उलट महाबळेश्वरच्या बाजूला 100 मिलिमीटरच्या एका दिवसात ती टाकी भरून वाहते, आणि तिथले सर सांगतात की आमचं दुखणं गळकं छत आणि भिंतीची ओल. दोघांच्या आकड्यांवरून मुलांना गुणाकारही शिकवता येतो आणि भूगोलही.

पाऊस मोजायला विकतचं यंत्र नको. वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर ठेवायची आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजायचं. वेधशाळाही त्याच वेळी मोजते. रविवारी शेजारच्या घरातलं पोर मोजेल. सगळ्या शाळांनी एकाच वेळी मोजलं तरच तुलनेला अर्थ राहतो.

आता तंत्रज्ञान. शाळांना टीव्ही, टॅब मिळतात, पण ते टिकवायचे कसे हे कोणी सांगत नाही. म्हणून दोन-तीन बैठका नुसत्या दुरुस्तीवर घ्या. टीव्हीच्या मागे वॅट लिहिलेले असतात. समजा 80 वॅटचा टीव्ही रोज दोन तास लावला, तर महिन्याच्या 24 दिवसांत चार युनिटच्या आत वीज लागते. बिल वाढतं म्हणून टीव्ही झाकून ठेवणाऱ्यांना हे सांगाच. ओलीच्या भागात उलट तो पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी लावायचा, आतली दमट हवा सुकते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं, नळाचं नाही.

जुन्या लॅपटॉपचाही विषय येणारच. विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 पासून कंपनीचा आधार बंद झाला. तेवढ्यावरून ते यंत्र भंगारात काढू नका, लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम हलक्या रूपात टाकली तर मुलांना टायपिंग आणि वाचन करायला ते आणखी काही वर्षं चालतं. रेंज नसलेल्या शाळेत किविक्स हे फुकटचं वाचन-सॉफ्टवेअर टाका, त्यात मराठी विकिपीडिया एकदा उतरवला की इंटरनेटशिवाय उघडतो. तालुक्याच्या गावी गेलात की तो पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या शाळेला द्या. खरोखर मेलेली वस्तू मात्र भंगारवाल्याला परस्पर देऊ नका. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, तिची नोंद असते, रीतसर निर्लेखन होऊन ती नोंद निघाल्यावरच ती अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

बैठक भरकटू नये म्हणून एकच नियम कडक ठेवा. बदल्या, वेतन आणि अशैक्षणिक कामं हे विषय काढायचे नाहीत. ते रास्त आहेत, पण एकदा निघाले की साठ मिनिटं गेलीच म्हणून समजा. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते तीन ओळींत ग्रुपवर टाका. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकू नका, बरणी आणि पट्टी दिसली तरी पुरे. अधूनमधून बाहेरचा माणूस घ्या, म्हणजे गावातला वायरमन, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा पाणलोटाचं काम केलेले तरुण. कोरेगावच्या वेळू गावाने 2016 मध्ये पहिला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, जिंकला, अशा गावांतल्या लोकांना पाण्याचा हिशेब तोंडपाठ असतो.

सूत्रसंचालन दर वेळी वेगळ्या शाळेकडे जाऊ द्या. आणि पावसाचं, विजेचं, दुरुस्तीचं रजिस्टर शाळेच्याच कपाटात ठेवा, स्वतःच्या मोबाइलमध्ये नव्हे. बदलीचा आदेश आला की पदभार देताना तेही यादीत लिहून द्या आणि नव्या सरांचा नंबर त्याच दिवशी ग्रुपला जोडा.