व्होल्टेज आणि करंटवरून रोध आणि पॉवर: नवशिक्याचं गणित कुठे चुकतं?

सूत्रं दोनच. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट आणि पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. ती पाठ होतात, पण घोळ होतो तो एककांत आणि मल्टीमीटरची प्रोब (वायरीच्या टोकाची टोकदार सळई) नेमकी कुठे टेकवली यात.

एककांचं आधी उरकू. मीटर 25 मिलिअँपिअर दाखवत असेल तर वहीत 0.025 अँपिअर लिहा, मगच भागाकार करा. 5 व्होल्ट भागिले 0.025 म्हणजे 200 ओहम. थेट 25 ने भागलं तर 0.2 येतं, ते किलोओहम असतात. सरावलेला माणूस ते तसंच वाचतो, नवशिका 0.2 ओहम समजून बसतो.

व्होल्टेज मोजताना प्रोब पार्टच्या दोन टोकांना, म्हणजे पॅरललमध्ये लावायची. करंटसाठी मात्र सर्किट एका जागी तोडून मीटर मध्ये घालावा लागतो. करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत टाका. ती विसरून बॅटरीच्या दोन टोकांना लावली, तर मीटरमधूनच शॉर्ट होतो आणि आतला फ्यूज जातो. मग व्होल्टेज बरोबर दिसतं, करंट मात्र कायम शून्य.

आता 12 व्होल्ट, 21 वॅटचा फिलामेंटचा बल्ब घ्या. 21 भागिले 12 म्हणजे 1.75 अँपिअर, आणि 12 भागिले 1.75 म्हणजे साधारण 6.9 ओहम. तोच बल्ब काढून ओहमच्या रेंजवर मोजा, एक ओहमच्या आसपासच रीडिंग मिळेल. मीटर बिघडलेला नाही, फिलामेंट थंड आहे. तापल्यावर त्याचा रोध कितीतरी पट वाढतो. म्हणून चालू बल्बचा रोध हवा असेल तर तो पेटलेला असतानाच व्होल्टेज आणि करंट मोजून काढायचा. (इतका कमी रोध मोजताना आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा.)

व्होल्टेज बल्बच्याच टोकांवर घ्या. समजा बॅटरीवर 12.4, बल्बवर 11.6 आणि करंट 1.72 अँपिअर आहे. बल्बला मिळतात जवळपास 20 वॅट. मधले 0.8 व्होल्ट वायर आणि जोडांत गेले: 0.8 भागिले 1.72 म्हणजे 0.47 ओहम, आणि 0.8 गुणिले 1.72 म्हणजे 1.4 वॅट उष्णता. आखूड, जाड वायरीत इतकं जायला नको, तेव्हा एखादा जोड सैल किंवा गंजलेला असणार. एक प्रोब बॅटरीच्या टोकावर ठेवून दुसरी त्याच बाजूने जोडाजोडाने पुढे सरकवत न्या. जिथे रीडिंग एकदम उडी मारतं, तिथे दोष.

रेझिस्टर निवडताना ओहम काढून थांबू नका, वॅटही काढा. 12 व्होल्टवर 2 व्होल्टचा एलईडी 20 मिलिअँपिअरने चालवायचा, तर रेझिस्टरवर पडतात 10 व्होल्ट. 12 नव्हे, इथे हमखास चूक होते. उत्तर 500 ओहम, बाजारात 510 किंवा 560 मिळेल. 560 घेतला तर करंट 17.9 मिलिअँपिअर आणि पॉवर 0.18 वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर जळणार नाही, पण चांगलाच तापेल. दुप्पट क्षमता धरून अर्ध्या वॅटचा लावा.

हे सगळं डीसीचं. एसीवर मोटर असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हे, व्होल्ट-अँपिअर. त्याला पॉवर फॅक्टरने (त्यातला किती भाग खरोखर वापरला जातो ते प्रमाण) गुणल्यावरच वॅट मिळतात.