किडनीच्या संशोधनात नव्याने येताय? आधी रिसेप्टर ओळखा

पीएचडीला आले तेव्हा कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांची साखळी, म्हटलं की ती सुरू होण्याच्या क्लासिकल, लेक्टिन आणि अल्टरनेटिव्ह या तीन मार्गांचा तक्ता, एवढंच मला ठाऊक होतं. आता नवा विद्यार्थी आला की मी त्याला तो तक्ता बाजूला ठेवायला लावते आणि विचारते, कोणता रेणू कोणत्या पेशीच्या कोणत्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतोय?

सुरुवात अँका व्हॅस्क्युलायटिसपासून करा, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडींमुळे बारीक रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार. यात ग्लोमेरुलस, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्या, झपाट्याने निकामी होतात, पण बायोप्सीच्या इम्युनोफ्लुरोसन्समध्ये (चमकत्या रंगाने अँटिबॉडी शोधण्याच्या तपासणीत) अँटिबॉडी फारशा दिसत नाहीत. त्यामुळे कॉम्प्लिमेंटकडे बरीच वर्षं कुणी लक्षच दिलं नाही. मग नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिलच्या गटाने 2007 मध्ये दाखवलं की सी5 किंवा फॅक्टर बी ही कॉम्प्लिमेंटची प्रथिनं नसलेल्या उंदरांना हा आजार होत नाही, सी4 नसलेल्यांना मात्र होतो. फॅक्टर बी अल्टरनेटिव्ह मार्गाचा, सी4 बाकीच्या दोन मार्गांचा; म्हणजे इथे अल्टरनेटिव्ह मार्ग. पुढे 2014 मध्ये त्याच गटाने सी5ए या सी5 च्या तुकड्याचा रिसेप्टर गाठला. सी5ए-आर1 नसलेले उंदीर बचावले, तर सी5ए-आर2 नसलेल्यांचा आजार उलट बळावला. रेणू एकच, रिसेप्टर दोन आणि परिणाम विरुद्ध! हे पेपर सावकाश वाचा, आकृत्या स्वतः काढून बघा.

सी5ए-आर1 अडवणारं अवाकोपॅन हे औषध तपासताना त्यांनी मानवी सी5ए-आर1 असलेले उंदीर वापरले, तेही लक्षात ठेवा. उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक इथे फार महत्त्वाचा आहे. माणसाच्या लाल पेशींवर सीआर1 हा कॉम्प्लिमेंटचा रिसेप्टर असतो आणि त्याच्या मदतीने इम्यून कॉम्प्लेक्स, म्हणजे अँटिबॉडी आणि अँटिजेनचे गठ्ठे, यकृताकडे वाहून नेले जातात. उंदराच्या लाल पेशींवर तो नसतो. असे गठ्ठे किडनीत साचणाऱ्या ल्युपस या आजारावर काम करणार असाल तर हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्या.

आता अवाकोपॅन माणसांत कसं ठरलं ते बघा. 331 रुग्णांच्या चाचणीत 52 व्या आठवड्याला आजार आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण अवाकोपॅन गटात 65.7 टक्के होतं, प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या गटात 54.9. अमेरिकेत 2021 मध्ये त्याला मान्यता मिळाली. स्टिरॉइडने सुजलेले चेहरे ओपीडीत पाहिलेत, म्हणून हे आकडे मला मोलाचे वाटतात.

हाताच्या कामाचं थोडक्यात: सी5ए मोजायचं तर ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेला प्लाझ्माच घ्या, गोठलेल्या रक्तातून निघणारं सीरम नको, कारण रक्त गोठताना कॉम्प्लिमेंट आपोआप सुरू होतं. नमुना लगेच उणे 80 अंशांना ठेवा. न्यूट्रोफिलवरचा सीआर3 हा कॉम्प्लिमेंटचा आणखी एक रिसेप्टर तपासताना तर अधिकच जपा, कारण पेशी वेगळ्या करताना तापमान बदललं तरी तो पृष्ठभागावर वाढतो आणि तो आजाराचाच परिणाम वाटू लागतो. प्रत्येक वेळी निरोगी व्यक्तीचं रक्त सोबत चालवा, त्याच दिवशी, त्याच हातांनी.