साध्या मिनीची कूपर एस: आधी ब्रेक, मग इंजिन, बिल्ले शेवटी

साध्या मिनीपासून (छोटी ब्रिटिश गाडी) तिच्याच वेगवान आवृत्तीची, म्हणजे कूपर एसची (पुढे नुसतं 'एस') प्रतिकृती करायची तर कामाला हात घालण्याआधी साल ठरवा. मूळची मिनी कूपर एस १९६३ ते १९७१ या काळात तीन पिढ्यांत निघाली आणि तुमच्या गाडीचा पत्रा ज्या पिढीचा, त्याच पिढीची एस करायची. पहिल्या पिढीला (१९६७ पर्यंत) मागची काच लहान, सरकत्या खिडक्या आणि दाराच्या बिजागऱ्या बाहेर. दुसऱ्या पिढीत मागची काच मोठी झाली, मागचे दिवे मोठे झाले, बिजागऱ्या मात्र बाहेरच राहिल्या. तिसऱ्या पिढीला बिजागऱ्या आत गेल्या आणि खाली-वर होणाऱ्या काचा आल्या. सत्तरच्या दशकातल्या मिनीला पहिल्या पिढीची जाळी आणि मिशीसारखी पट्टी लावली, की जाणकाराला ते वीस फुटांवरून कळतं. त्यापेक्षा त्या गाडीची १९७० ची एस करा. ती बाहेरून साध्या मिनीसारखीच होती, त्यामुळे पत्र्याचं काम जवळजवळ वाचतं आणि सगळा पैसा यंत्रात घालता येतो.

खाली पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या गाडीवर १२७५ सीसीची एस कशी उभी करायची ते आहे. ८४८ सीसीची मिनी (हीच पुढची '८५०') ३४ अश्वशक्तीची, १२७५ एस ७६ अश्वशक्तीची. ताकद दुपटीहून जास्त होते, म्हणून कामाचा क्रमही त्याच हिशेबाने लावायचा.

पत्रा

मिनी गंजते ती खालून. गाडी जॅकवर घेऊन दारांखालचे सिल बघा. बऱ्याच गाड्यांना कुजलेल्या सिलवर रुंद नवा पत्रा चढवून वेल्डिंग केलेलं असतं. तो आत फ्लोअरपर्यंत जातो, मूळचा सिल अरुंद असतो. असा चढवलेला पत्रा दिसला तर आतला सिल उरलाच नाही असं धरून चाला. पुढच्या मडगार्डमागची उभी पट्टी, वायपरखालचा भाग, डिकीतली बॅटरीची पेटी आणि मागच्या सबफ्रेमच्या (चाकं आणि सस्पेन्शन धरणाऱ्या पोलादी चौकटीच्या) बैठका या बाकीच्या जागा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पुटी भरलेली आहे.

मागची सबफ्रेम आतून कुजते, त्यामुळे बाहेरचा रंग बघून निर्णय घेऊ नका. टोकदार हत्याराने टोचून बघा. शंका आली तर नवी बसवा. दुरुस्त केलेल्या सबफ्रेमवर चाकांचं अलाइनमेंट कधीच धड येत नाही.

सस्पेन्शनचा प्रश्नही इथेच सोडवा. १९६४ च्या शरद ऋतूपर्यंत मिनीला रबरी कोन होते, नंतर सलून गाड्यांना द्रवावर चालणारं हायड्रोलॅस्टिक आलं, आणि एसलाही तेच. तुमच्या गाडीला जे आहे तेच ठेवा. एकातून दुसऱ्यात जायचं तर दोन्ही सबफ्रेम बदलाव्या लागतात.

ब्रेक

साध्या मिनीला पुढे ड्रम. एसला साडेसात इंचाच्या डिस्क होत्या. साध्या कूपरच्या सात इंची डिस्क घेऊ नका, त्या ड्रमपेक्षा फारशा बऱ्या नाहीत. मेट्रो (ऐंशीच्या दशकातली ऑस्टिनची छोटी गाडी) किंवा नंतरच्या मिनीच्या ८.४ इंची डिस्क स्वस्तात मिळतात, पण त्या मूळच्या १० इंची रिममध्ये मावत नाहीत आणि १२ इंची चाकांवर गाडी एससारखी दिसत नाही. १० इंची चाकांच्या सुरुवातीच्या १२७५ जीटीला (मिनीचीच एक आवृत्ती) साडेसात इंची डिस्क होत्या. अशा गाडीचा पुढचा सेट, म्हणजे हब, कॅलिपर, ड्राइव्ह फ्लँज आणि बाहेरचे सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी ताकद पोचवणारे सांधे), एकत्र मिळाला तर तोच घ्या. सुटे भाग चार ठिकाणांहून जमवले तर सीव्ही जॉइंट आणि फ्लँज एकमेकांना जुळत नाहीत आणि ते गाडी जमिनीवर आल्यावरच कळतं.

हब बसवताना सर्वांत जास्त चूक होते ती नट आवळताना. शेवटी जो शंकूसारखा चिरलेला कॉलर बसतो, तो बेअरिंग पूर्ण बसायच्या आधीच शाफ्टला पकडतो. पाना १५० फूट-पाउंडावर (सुमारे २०३ न्यूटन-मीटर) टक्क वाजतो, पण आत बेअरिंग सैलच राहतं. म्हणून आधी कॉलरऐवजी जाड सपाट वॉशर घाला, १५० फूट-पाउंडाला आवळा, चाक हाताने फिरवा, मग नट काढून कॉलर घाला आणि पुन्हा तितकंच आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे न्या, मागे कधीच आणू नका. हे केलं नाही तर बेअरिंगला प्ले येतो, डिस्क डगमगते, पिस्टन मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला पेडल खाली जातं. मग लोक हवा राहिली समजून दिवसभर ब्लीडिंग करत बसतात.

डिस्कचा सेट लावला की पुढचा ट्रॅक रुंद होतो. एसला मागचे ड्रम म्हणूनच एक इंच स्पेसर अंगचेच असलेले होते, तेच घ्या. सुटे स्पेसर लावून लांब स्टड घालण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. मागचे व्हील सिलिंडर पाऊण इंचाचे असतील तर ५/८ इंचाचे घाला. नाहीतर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात, आणि एवढ्या आखूड गाडीत त्याचा अर्थ थेट गोल फिरणं. एसला इंजिनच्या कप्प्यात सर्वो (ब्रेकचा जोर वाढवणारं यंत्र) होता. सुरुवातीला तो न लावता गाडी चालवून बघा, म्हणजे पाइपांतल्या चुका झाकल्या जाणार नाहीत. ब्रेकच्या सगळ्या नळ्या मात्र नव्याच.

इंजिन आणि गिअरबॉक्स

खरं एस इंजिन शोधण्यात वर्षं घालवू नका. त्याच्या हेडला अकरा फास्टनर असतात, नायट्राइड केलेला क्रँक असतो, आणि किंमतही त्याच हिशेबाने. प्रतिकृतीसाठी मेट्रोचं १२७५ सीसी ए-प्लस इंजिन उत्तम. बोअर ७०.६ मिमी आणि स्ट्रोक ८१.३ मिमी, एसच्या १२७५ इतकाच. त्यातही एमजी मेट्रोचं मिळालं तर हेडमध्ये मोठे इनलेट व्हॉल्व्ह असतात, एसच्या मापाच्या अगदी जवळचे.

अडचण गिअरबॉक्सची. मिनीत गिअरबॉक्स इंजिनच्या पोटाखाली त्याच तेलात असतो. मेट्रोचा गिअरबॉक्स दांडीने चालणारा. १९७३ च्या आधीच्या मिनीच्या फ्लोअरला त्याची जागा नाही. एसला रिमोट हाउसिंगचा (गिअरबॉक्सपासून मागे आणलेल्या कवचावरचा) छोटा गिअर लिव्हर होता आणि ८५०ला लांब वाकडी काठी. म्हणून जुना रिमोट प्रकारचा गिअरबॉक्स मिळवून तो मेट्रोच्या ब्लॉकखाली लावा आणि फ्लोअरच्या मधल्या बोगद्यात रिमोटसाठी भोक कापून बैठका वेल्ड करा. फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्स आणि चाकांमधलं शेवटचं गुणोत्तर) ३.४४ ठेवा. जुना ३.७६५ ठेवला तर शहरात गाडी उसळते, पण महामार्गावर इंजिन ओरडतं.

जोडताना ९९८ सीसी किंवा ८५०चा प्रायमरी गिअर (क्रँकच्या टोकावर बसून ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा) वापरू नका. १२७५च्या क्रँकचं शेपूट जाड असतं, तो गिअर त्यावर चढत नाही. १२७५चाच घ्या आणि त्याचा एंड-फ्लोट (शाफ्टच्या लांबीच्या दिशेने मोकळी हालचाल) ०.००३५ ते ०.००६५ इंचांत वॉशर निवडून बसवा. कमी ठेवलात तर तापल्यावर गिअर जाम होतो, जास्त ठेवलात तर न्यूट्रलमध्ये खडखड ऐकू येते.

ब्लॉक रिबोर करावा लागला तर +०.०२० इंच पुरे. +०.०६० ही शेवटची मर्यादा समजा. या इंजिनाचं हेड गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये उडतं, कारण तिथली पट्टी बारीक आहे; त्यामुळे हेड आणि ब्लॉक दोन्ही सपाट करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ए-प्लसच्या हेडचे नट ५० फूट-पाउंडाला, मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण सीट घालून घ्या, शिसंविरहित पेट्रोलवर मऊ सीट खाल्ल्या जातात. कॅम नवा असेल तर टॅपेटही नवेच. कॉम्प्रेशन साडेनऊ ते पावणेदहाच्या आसपास ठेवा (एसचं ९.७५ होतं), टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१२ इंच.

इंजिन वरून उचलून काढता येतं, पण एवढं सगळं बदलायचंय तर पुढची सबफ्रेम इंजिनसकट खाली सोडा आणि बॉडीची पुढची बाजू वर उचला. सबफ्रेम साफ करता येते, ब्रेकच्या नळ्या समोर येतात आणि इंजिन परत जाताना रंग खरवडत नाही. इंजिनची वरची स्टेडी दांडी आणि तिचे बुश नवे घाला. त्या बुशला थोडाही सैलपणा आला की क्लच सोडताना इंजिन पुढे-मागे हलतं आणि सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डजवळ तडकतो. पाइप बदलत राहतात, बुश कोणी बघत नाही.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून स्टार्टरवर ऑइल प्रेशर आणा. मग सुरू करून वीस मिनिटं २००० आरपीएमच्या वर ठेवा, नव्या कॅमला हेच लागतं. २०डब्ल्यू५० खनिज तेल घाला. गरम इंजिनावर चालताना सुमारे ६० पीएसआय आणि आयडलला १५ च्या वर दिसायला हवं.

दोन एसयू

एसला सव्वा इंची एसयू एचएस२ कार्ब्युरेटरची जोडी होती. १२७५साठी एम सुई आणि लाल स्प्रिंग, इथून सुरुवात करा. जुने कार्ब घेतले तर थ्रॉटल स्पिंडल हलवून बघा. खालीवर हलतात तिथे हवा खेचली जाते आणि आयडल कधीच स्थिर होत नाही. नवे बुश घातल्याशिवाय ट्यूनिंगला बसू नका.

ट्यूनिंगला यंत्र लागत नाही. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एका कार्बच्या तोंडाशी धरा, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा हवेचा सूं-सूं आवाज सारखा होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवा. त्यानंतर पिस्टन उचलण्याची पिन हळूच जेमतेम एक मिमी वर ढकला. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट, लगेच पडला तर पातळ, किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. जेटचा नट एका वेळी त्याच्या षटकोनाच्या एका कडेइतकाच फिरवा आणि दोन्हींवर सारखाच फिरवा. डॅशपॉटमध्ये (कार्बच्या पिस्टनवरच्या तेलाच्या नळीत) तेल कमी असलं तर अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर गाडी क्षणभर गुदमरते. त्याला लोक टायमिंगचा दोष समजतात.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात आणि तडकतात. सगळ्या इंधन नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्या आणि ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) पेट्रोल वापरा.

वायरिंग

१९६९ पूर्वीच्या मिनीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. मेट्रोच्या इंजिनाबरोबर अल्टरनेटर येतो, तो निगेटिव्ह अर्थचा, म्हणजे निगेटिव्ह टोक बॉडीला. बॅटरी उलटवली की कॉइलची दोन टोकंही बदला, आणि आरपीएम मीटर किंवा नवा इलेक्ट्रॉनिक पेट्रोल पंप असेल तर तोही निगेटिव्ह अर्थचाच घ्या. अल्टरनेटरची जाड वायर जुन्या डायनॅमोच्या वायरीवर ढकलू नका, ती तापते.

टाकी, चाकं, आतली सजावट

१९६६ पासून एसला डिकीत दोन टाक्या होत्या, प्रत्येकी साडेपाच गॅलनच्या, म्हणजे सुमारे २५ लिटर. उजवी टाकी लावायची तर बाजूच्या पत्र्यात भरण्याच्या नळीसाठी गोल भोक कापावं लागतं. आधी टाकी आतून तिच्या बैठकीवर आवळून घ्या, मग नळीच्या मधोमध आतून बारीक भोक पाडा आणि तिथून बाहेरून मोठं करा. डावीकडचं माप आरशासारखं उलटवून बाहेरून कापणाऱ्यांची नळी हमखास तिरकी बसते. हे काम रंगाच्या आधीच.

चाकं छिद्रांची स्टीलची, साडेतीन किंवा साडेचार इंच रुंद, आणि १४५ किंवा १६५/७० आर१० टायर. पुढे टो-आउट (चाकांची पुढची बाजू किंचित बाहेर) १.६ मिमी. आत मधल्या स्पीडोमीटरच्या दोन्ही बाजूंना ऑइल प्रेशर आणि तापमानाचे गेज असलेला तीन तबकड्यांचा लांबट डबा लावा. ३.४४ बरोबर स्पीडोमीटर कॅलिब्रेट करून घ्या. रंगात टार्टन लाल किंवा आल्मंड हिरवा, वर पांढरं छत. मिनी मॉरिस आणि ऑस्टिन अशा दोन नावांनी विकली जाई; तुमची मूळची गाडी मॉरिस असेल तर मॉरिसचीच जाळी लावा, ऑस्टिनची नको.

कागद

ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की नोंदणीपत्रावर नवा इंजिन क्रमांक आणि सीसी कळवावी लागते. विमा कंपनीला ही प्रतिकृती आहे हे लेखी सांगा आणि ठरलेल्या किमतीचा विमा घ्या. भारतात असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, त्यामुळे ब्रिटनमधली ही पद्धत तिथे तशीच उचलू नका. आणि इंजिनच्या कप्प्यातली चासीसची पाटी जशी आहे तशीच राहू द्या. त्यावर एसचा क्रमांक ठोकला किंवा दुसऱ्या गाडीची पाटी आणून लावली, तर पुढे ती घेणाऱ्याची फसवणूक होते. मागे बिल्ला एसचा आणि पाटी ८५०ची, असं उघड असू द्या.