लिनक्सवर डायल-अप लागत नसेल तर दोष कुठे शोधायचा

नेटवर्क सपोर्टच्या कामात नव्याने येणारी मुलंमुली मला विचारतात, की डायल-अप, म्हणजे टेलिफोनवरून नंबर फिरवून जोडलेलं इंटरनेट, आता शिकून काय उपयोग? माझं उत्तर ठरलेलं आहे. जोडणीचा प्रत्येक टप्पा स्वतः पाहता आणि कानाने ऐकता येतो असं याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. शिवाय त्यातलं बरंच काही आजही वापरात आहे, त्याकडे शेवटी येते.

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते विदेश संचार निगमकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही टेलिफोनच्या तारेवरून. मी कामाला लागले तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात पतसंस्था, औषधांची दुकानं, शाळा अशा सगळ्यांकडे हीच जोडणी होती. लिनक्स आम्हाला मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींवरून मिळायचं. जोडणी अडली, की लोक पहिल्यांदा पासवर्ड बदलायचे, मग पुन्हा इन्स्टॉल करायचे. दोष भलतीकडेच असायचा. म्हणून पहिली सवय ही लावा: काहीही बदलण्याआधी साखळी नेमकी कुठे तुटली आहे ते ठरवा. कॉम्प्युटर मोडेमशी, म्हणजे त्याचे सिग्नल टेलिफोनच्या तारेवरून नेणाऱ्या यंत्राशी, बोलतो का? मोडेमला डायल टोन मिळतो का? पलीकडचा मोडेम उचलतो का? दोघांचं जुळल्यावर पीपीपी, म्हणजे त्या तारेवरून इंटरनेटचा डेटा नेण्याची ठरलेली पद्धत, सुरू होतं का? आणि ते सुरू झाल्यावर डेटाची पाकिटं योग्य वाटेने जातात का? या पाच प्रश्नांचा क्रम मोडू नका.

पहिल्याच प्रश्नावर अडकणारे बहुतेक जण विनमोडेमचे बळी असतात. हे मोडेम स्वस्त असत, कारण सिग्नलवरची आकडेमोड करणारी चिप त्यात नसतेच. ते काम विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घेतो. लिनक्समध्ये हे कार्ड दिसतं, पण सिरियल पोर्टसारखं वागत नाही. ल्युसेंट, कोनेक्झंट, स्मार्ट लिंक यांच्या काही चिपांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर निघाले. तेही ठरावीक कर्नलवरच (लिनक्सच्या गाभ्याच्या ठरावीक आवृत्त्यांवरच) चालायचे. आधी एलएसपीसीआय ही आज्ञा देऊन चिप कोणती ते पाहा. माझं स्पष्ट मत असं, की शिकायला बसायचं असेल तर सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम घ्या. त्याला ड्रायव्हर लागत नाही, आणि पुढच्या पट्टीवरचे दिवे अर्धं निदान करून देतात. ओएच पेटला म्हणजे मोडेमने लाइन उचलली. सीडी पेटला म्हणजे पलीकडच्या मोडेमचा कॅरिअर, म्हणजे डेटा वाहून नेणारा सिग्नल, मिळाला. टीआर विझलेला असेल तर कॉम्प्युटरने पोर्ट उघडलेलंच नाही.

पोर्टचं थोडक्यात सांगते. विंडोजचं कॉम-१ म्हणजे लिनक्सचं टीटीवायएस०, कॉम-२ म्हणजे टीटीवायएस१. यूएसबी मोडेम बहुधा टीटीवायएसीएम० या नावाने येतो. 'परमिशन डिनाइड' आलं तर डेबियनसारख्या वितरणात तुमचा यूजर डायलआउट गटात आहे का ते पाहा, आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून परत या. पोर्ट 'बिझी' असेल तर आधीच्या प्रोग्रॅमची लॉक फाइल (पोर्ट वापरात असल्याची खूण) मागे राहिली असेल, किंवा दुसरा प्रोग्रॅम अजून चालू असेल.

आता मिनिकॉम, म्हणजे मोडेमला थेट आज्ञा टाइप करता येणारा प्रोग्रॅम, उघडा. डायलिंगचे सोपे प्रोग्रॅम खूप आहेत, पण दोष शोधताना मध्ये कोणी नको. एटी टाइप करून एंटर दाबा. ओके आलं, की पहिला प्रश्न मिटला. या आज्ञा १९८१ सालच्या हेझ कंपनीच्या स्मार्टमोडेमपासून आलेल्या आहेत. एटीझेडने मोडेम रीसेट होतो, एटीडीटी आणि पुढे नंबर दिला की टोन पद्धतीने डायल होतो, एटीएचने फोन ठेवला जातो. ओके न येता कचरा अक्षरं दिसली तर वेग किंवा बिटांची मांडणी जुळत नाही. आणि स्क्रीन कोरीच राहिली तर पोर्ट चुकीचं आहे किंवा केबल.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो दुसरा प्रश्न, डायल टोनचा. मोडेम 'नो डायलटोन' म्हणतो आणि त्याच लाइनवर फोन लावला तर टोन स्वच्छ ऐकू येतो. हे कोडं सोडवायचं असेल तर टोनचा स्वभाव कळायला हवा. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा असून त्यावर २५ हर्ट्झचा हेलकावा असतो. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झच्या मिश्रणाचा. तिकडच्या बाजारासाठी तयार झालेला मोडेम आपला टोन ओळखेलच असं नाही. यावर उपाय एटीएक्स३. या आज्ञेने मोडेम टोनची वाट न पाहता थेट डायल करतो, पण एंगेज टोन मात्र ओळखतो. एकच अक्षर आणि एकच आकडा, पण याने कित्येक बंद जोडण्या सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत. दुसरी शक्यता जुन्या एक्स्चेंजची. तिथे टोन डायलिंग चालत नसे, एटीडीटीच्या जागी एटीडीपी म्हणजे पल्स द्यावं लागे. नंबर डायल झाल्यावरही डायल टोन तसाच ऐकू येत राहिला, तर हाच दोष समजा.

आमच्या भागातले एक अनुभवी लाइनमन होते. मी कॉम्प्युटरकडे वळले की म्हणायचे, "ताई, आधी रोझेट उघडा. तिथं साधा फोन लावा, एक नंबर दाबून टोन घालवा आणि खरखर ऐका." रोझेट म्हणजे टेलिफोनची तार घरात येते तिथली भिंतीवरची डबी. तीच पद्धत मी आजवर शिकवत आले आहे. रोझेटवर खरखर असेल तर ती डीपीपासून, म्हणजे बाहेरच्या टेलिफोनच्या वाटप पेटीपासून, येते आहे आणि ते काम लाइनमनचं. रोझेटवर स्वच्छ आणि मोडेमपाशी खरखर, तर घरातली वायर, गंजलेला जोड किंवा आतल्या खोलीतला पॅरलल फोन. पावसाळ्यात हे रोजचंच. गडगडाट सुरू झाला की मोडेमची टेलिफोनची तार काढून ठेवा. वीज विजेच्या मेनपेक्षा या तारेतून आत शिरून मोडेम जाळते, हे दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार दिसायचं.

मग येतो दोन मोडेमचा तो कर्कश संवाद. तो लवकर आटोपला आणि 'कनेक्ट' आलं तर ठीक. 'नो कॅरिअर' आलं तर लाइनचा दर्जा कमी आहे किंवा पलीकडे मोडेम उचलतच नाही. 'कनेक्ट ११५२००' पाहून हुरळून जाऊ नका. तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधला वेग, लाइनचा नव्हे. १९९८ सालच्या व्ही.९० मानकाची ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) ही मर्यादा उतरत्या दिशेची. वर पाठवताना ३३.६ केच. खराब लाइनवर तो हट्ट सोडून मोडेमला व्ही.३४ या त्याआधीच्या मानकावर बांधून ठेवलं, तर जोडणी हळू पण टिकाऊ मिळते. वारंवार तुटणाऱ्या वेगवान जोडणीपेक्षा मला ती केव्हाही पसंत.

कनेक्टनंतर पीपीपी. इथे अंदाज बांधू नका, लॉग वाचा. पीपीपी चालवणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रॅमच्या पर्यायांत डीबग जोडा आणि दुसऱ्या खिडकीत सिस्टिम लॉग टेल या आज्ञेने चालू ठेवा. आपल्याकडून एलसीपीची (पीपीपीत जोडणीच्या अटी ठरवणाऱ्या पहिल्या टप्प्याची) विनंती पुन्हा पुन्हा जाते आणि उत्तर येत नाही, असं दिसलं तर पलीकडे पीपीपी सुरूच झालेलं नाही. मिनिकॉममधून हाताने डायल करून पाहा. लॉगिन विचारलं जात असेल तर चॅट स्क्रिप्टला (डायल करून पलीकडच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या फाइलला) आधी ते उत्तर द्यावं लागेल. महिरपी कंस आणि लाटेसारख्या खुणांचा कचरा येत असेल तर तेच पीपीपी आहे, आणि लॉगिनची वाट पाहणारी तुमची स्क्रिप्ट उगाच थांबून राहिली आहे.

एलसीपी जुळून पुढे पॅपवर, म्हणजे नाव-पासवर्ड तपासण्याच्या टप्प्यावर अडलं, तरच पासवर्डकडे वळा. नाव आणि पासवर्ड पॅप-सीक्रेट्स फाइलमध्ये असतो आणि पीपीपीच्या पर्यायांत दिलेलं नाव त्याच्याशी तंतोतंत जुळावं लागतं. पासवर्डमध्ये हॅशचं चिन्ह असेल तर तो अवतरणात टाका, नाहीतर हॅशपासून पुढचा भाग टिप्पणी समजला जातो. पीपीपीडी बंद होताना देतो तो आकडाही नोंदवून ठेवा: ७ म्हणजे पोर्ट उघडता आलं नाही, ८ म्हणजे चॅट स्क्रिप्ट फसली, १६ म्हणजे मोडेमने लाइन सोडली, १९ म्हणजे ओळख पटली नाही.

जोडणी झाली, आयपी पत्ता मिळाला, तरी ब्राउझर उघडत नाही, हा तर नेहमीचा प्रकार. आधी एखाद्या आयपी पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते पाहा. तो चालला आणि नावाने चालला नाही, तर डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा प्रश्न. यूजपीअरडीएनएस पर्याय आहे का आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये पत्ते आले का ते बघा. पत्त्यालाही पिंग जात नसेल तर रूट, म्हणजे पाकिटं बाहेर जाण्याची वाट, पाहा. नेटवर्क कार्डचा डिफॉल्ट रूट आधीपासून असेल तर पीपीपीडी तो बदलत नाही, आणि तसं लॉगमध्ये लिहूनही ठेवतो. तो रूट काढा आणि पुन्हा जोडा.

आता आजच्या उपयोगाकडे. एसएमएस पाठवणारा जीएसएम मोडेम, दूरच्या पंपावर किंवा मीटरवर बसवलेलं सिमकार्डचं यंत्र, काही फोर-जी डोंगल, हे सगळे याच एटी आज्ञा ऐकतात आणि बऱ्याच ठिकाणी पीपीपीडीच चालतो. डायल टोनच्या जागी सिग्नलची ताकद आली. एटी+सीएसक्यू देऊन ती पाहतात. ९९ हा आकडा आला तर सिग्नल मोजताच आलेला नाही. नवा त्रास एकच: मोडेममॅनेजर नावाची सेवा पोर्ट दिसताच त्यावर स्वतःच आज्ञा सोडू लागते आणि तुमचं यंत्र गोंधळतं. असं काम करताना आधी ती सेवा थांबवा.

जोडणी सोडताना ती खरंच सुटली का तेही पाहा, कारण टेलिफोनचं बिल चालूच राहतं. पलीकडून उत्तर थांबल्यावर पीपीपीडीने लाइन सोडावी म्हणून एलसीपी-एको-इंटरव्हल ३० आणि एलसीपी-एको-फेल्युअर ४ ठेवा, आणि काहीच ये-जा नसेल तर दहा मिनिटांत बंद व्हावं म्हणून आयडल ६००.