नवीन फोन घेताय? जुना फोन पंधरा दिवस तरी हातातून सोडू नका

गणपतीला मुंबईची मंडळी गावात आली की आमच्या मालवणकडे घराघरात एक तरी फोन बदलतोच. मुलगा आईसाठी नवीन घेऊन येतो, किंवा दादा स्वतःला नवीन घेतो आणि आपला वापरलेला बाबांना देतो, आणि मग माटवी बांधणं, आरत्या, पाहुणे या सगळ्यातून अर्धा तास काढून कोणीतरी "सगळं इकडचं तिकडे" करून देतं. चाकरमानी परत गेले की दोन दिवसांनी शेजारची काकी आमच्या पडवीत हजर, "चेडवा, माझे फोटो खय गेले गो? बँकेचा उघडणा नाय."

मी हे एवढं मनावर घेऊन लिहितेय त्याला कारण आहे. २०२१ मधे आईचा फोन मीच बदलला. दुकानात एक्स्चेंजमधे जुना तिथल्या तिथे दिला, घरी येऊन बघितलं तर नंबर आलेले, फोटो आलेले, सगळं छान. रात्री आईने व्हॉट्सॲप उघडलं आणि ते कोरं होतं. बॅकअप कधी चालूच नव्हता. त्यात आजीचे, म्हणजे आईच्या आईचे व्हॉइस मेसेज होते. आजीला लिहिता यायचं नाही म्हणून ती बोलून पाठवायची, दहा-बारा सेकंदांचे, मागे कोंबड्यांचा आवाज, "गो बाय, जेवलस मां?" आजी त्याच वर्षी गेली होती आणि आई झोपण्याआधी त्यातला एखादा लावून ऐकायची. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दुकानात गेले तर फोन पुढे गेलेला होता.

तेव्हा कुठला फोन घ्यायचा हे सांगतेच, पण खरं लक्ष द्यायचं ते बदलाबदलीकडे.

आधी निवडायचं कसं ते. आपल्याकडे कॅमेरा किती मेगापिक्सेल याच्या आधी नेटवर्कचं बघावं, कारण घरं डोंगराच्या कुशीत, आजूबाजूला माड-फणस, जाड चिऱ्याच्या भिंती, रस्त्यावर फुल रेंज आणि माजघरात शून्य. ज्या कंपनीचं सिम तुमच्या घरात चालतं तिचे बँड, म्हणजे ती कंपनी ज्या लहरी वापरते त्या, फोनमधे आहेत का ते कंपनीच्या साईटवर मॉडेल टाकून बघा. ७०० मेगाहर्ट्झचा जो बँड आहे, म्हणजे २८ नंबरचा, तो लांबपर्यंत जातो आणि भिंतीतून आत बऱ्यापैकी शिरतो, जिओ ५जीसाठी तो वापरतं आणि बीएसएनएलचं ४जी पण त्याच्यावर आहे, म्हणून ४जीच्या यादीत बी२८ आणि ५जीच्या यादीत एन२८ दोन्ही असलेले बरे. दुसरं म्हणजे वायफाय कॉलिंग आहे का ते विचारा. आता खूप वाड्यांमधे फायबरचं नेट आलंय पण मोबाईलची रेंज नाही, अशा घरात जिओ किंवा एअरटेलचं सिम असेल तर वायफायवरून साधा कॉल लागतो. सेटिंगमधे ते एकदा चालू करावं लागतं, बहुतेकांना माहीतच नसतं.

पाण्याचं नीट समजून घ्या, यात आपल्याकडे सगळ्यात जास्त फोन मरतात. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपी६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही, आणि पाण्याने खराब झालेला फोन बहुतेक वॉरंटीत बसत नाही. माझा मामा होडीवर जातो, त्याच्या फोनचं चार्जिंगचं भोक एकदा टॉर्च मारून बघितलं तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, तांब्याच्या जुन्या भांड्यावर येतो तसा थर. फोन पाण्यात पडला असेल असं वाटलं, पण तो कधीच पडला नव्हता. रोजचा खारा वारा आणि ओल्या हाताने चार्जर लावणं एवढ्याने ते झालं. त्यामुळे होडीवाले, मासळीवाल्या, स्कुबावाले असाल तर गळ्यात लटकवायचं वॉटरप्रूफ पाऊच घ्याच, फोन कितीही महाग असला तरी. आणि खाऱ्या पाण्यात पडलाच तर लगेच बंद करा, गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, चार्जिंगचं तोंड खाली करून वाऱ्यावर ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात घालू नका, बारीक पीठ आत जाऊन बसतं.

बॅटरी ५००० एमएएचच्या खाली घेऊ नका. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात कित्येक गावात दिवसच्या दिवस लाईट नव्हती, ते आपण विसरलेलो नाही. स्टोरेज १२८ जीबी तरी हवं, कारण त्यातले बरेच जीबी फोन स्वतःच खातो. रॅम "८ अधिक ८" लिहिलेलं असेल तर खरी रॅम ८ च, पुढचे ८ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा, बँकेची ॲप्स जुन्या अँड्रॉइडवर एक दिवस चालायची बंद होतात. शक्य असेल तर स्क्रीन दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन बघा. आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुडाळला आहे, रत्नागिरीला आहे की थेट कोल्हापूरला जायचं, हे घेण्याआधी बघा.

बिल पक्कं घ्या, त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, हवा. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की तो दिसतो, बॉक्सवरचा आणि बिलावरचा जुळवून बघा. सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी केवायएम असं इंग्रजीत लिहून एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर लगेच कळतं. सरकारच्या संचार साथी ॲपवर पण हे होतं.

आता मुख्य काम. दुकानदाराला म्हणावं फोन फक्त चालू होतो का दाखव, सेटअप नको. कारण जुन्यावरून डेटा घ्यायचा का हे नवीन फोन पहिल्यांदा चालू करतानाच विचारतो, आणि दुकानात घाईघाईत "स्किप स्किप" करून तो टप्पा निघून जातो. घरी आणा, वायफाय असेल अशा ठिकाणी बसा, दोन्ही फोन फुल चार्ज, दोन तास मोकळे ठेवा.

त्याच्या आदल्या रात्री जुन्या फोनवर तीन गोष्टी करायच्या. पहिली, गुगलचा आयडी. आपल्याकडे अर्ध्या लोकांचा जीमेल आयडी कधीतरी कुठल्यातरी दुकानदाराने बनवलेला असतो आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, आणि त्यावरच सगळे फोटो, सगळे नंबर. जुना फोन हातात असेपर्यंत हे सुधारता येतं म्हणून सेटिंगमधे गुगलमधे जा, कुठला आयडी आहे बघा, पासवर्ड नवीन लावा, रिकव्हरीसाठी स्वतःचा आणि मुलाचा किंवा मुलीचा नंबर घाला, आणि आयडी-पासवर्ड घरातल्या एका वहीत लिहून कपाटात ठेवा. वहीत लिहू नये असं सांगतात लोक, पण आपल्या आईवडिलांसाठी वही बरी, विसरलेल्या पासवर्डपेक्षा.

दुसरी, नंबर. काही नंबर सिमवर असतात, काही फोनमधे, काही गुगलवर. कॉन्टॅक्टच्या ॲपमधे जाऊन सिमवरचे इम्पोर्ट करा आणि सगळे मिळून एक फाईल एक्स्पोर्ट करून ती स्वतःलाच मेल करा, पाच मिनिटांचं काम आहे. तिसरी, गुगलची जागा बघा. फुकट १५ जीबी मिळते, त्यात जीमेल, फोटो आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळं धरतात, ती भरली असेल तर बॅकअप गपचूप थांबलेला असतो. 

नंतर नवीन फोन चालू करा, सिम अजून जुन्यातच राहू दे. "कॉपी ॲप्स अँड डेटा" आलं की केबल लावा, टाईप सी ते टाईप सी, जुना फोन बारीक पिनचा असेल तर दोन्ही जोडायला ओटीजी नावाचा छोटा तुकडा लागतो, नाहीतर वायफायवरून पण होतं पण वेळ जास्त जातो. सॅमसंगचं स्मार्ट स्विच, विवोचं इझीशेअर, ओप्पो-वनप्लसचं क्लोन फोन ही ॲप्स पण चांगली आहेत, कंपनी वेगळी असली तरी बऱ्याचदा चालतात. फोटो, एसएमएस, कॉल लिस्ट, ॲप्स येतात. बँकेच्या ॲप्सचं लॉगिन आणि बोटांचे ठसे येत नाहीत, ते परत द्यावे लागतात.

व्हॉट्सॲप वेगळं करायचं, आणि यात घाई अजिबात नको. जुन्या फोनवर सेटिंग, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स. नवीन फोनवर व्हॉट्सॲप टाकून तोच नंबर घाला, ओटीपी जुन्या फोनवर येईल, मग तो विचारेल जुन्या फोनवरून घ्यायचं का, हो म्हणा, क्यूआर कोड दिसेल, तो जुन्याने स्कॅन करा. दोन्हीचं वायफाय चालू हवं आणि फोन शेजारी शेजारी. यावर्षी काकीचा फोन मी असाच केला, ओटीवर पाटावर दोन्ही फोन ठेवले आणि बसून राहिले, पाऊण तास लागला, काकी मधे मधे येऊन टक्के वाचत होती. मधे कॉल आला, स्क्रीन बंद झाली तर थांबतं म्हणून हलवू नका.

इथे एक चूक फार महागात पडते. रिस्टोअर न करता, म्हणजे जुने मेसेज परत न आणता, स्किप दाबलं तर व्हॉट्सॲप कोरं सुरू होतं, आणि मग त्या कोऱ्याचाच रात्री बॅकअप झाला तर गुगल ड्राइव्हवरचा जुना बॅकअप पुसला जातो. तसं झालंच तर लगेच नेट बंद करा, नवीनवरचं व्हॉट्सॲप काढून टाका आणि परत पहिल्यापासून करा. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावलेला असेल तर तो आठवत असल्याशिवाय काहीच उघडत नाही, व्हॉट्सॲपवाले पण देऊ शकत नाहीत. अँड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल तर मूव्ह टू आयओएस हे ॲप लागतं आणि ते आयफोनच्या पहिल्या सेटअपच्या वेळीच करायचं.

आणि ज्या माणसाचे मेसेज जिवापाड आहेत त्यांची वेगळी कॉपी करा. फाईल मॅनेजरमधे अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॲप, मग व्हॉट्सॲप, मीडिया असं आत आत गेलं की व्हॉइस नोट्सचा फोल्डर मिळतो, तो उचलून कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर टाका. कॉल रेकॉर्डिंगचे आणि रेकॉर्डरचे फोल्डर पण बघा, ते ट्रान्सफरमधे हमखास सुटतात.

सिम सगळ्यात शेवटी हलवा. यूपीआयचं ॲप सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर ओळखतं, म्हणून सिमला रेंज आणि एसएमएस जाईल असा रिचार्ज दोन्ही हवं, दोन सिम असतील तर बँकेत दिलेलं सिम निवडा. यूपीआय पिन तोच राहतो, पण विसरला असाल तर डेबिट कार्ड हाताशी असू दे. नवीन फोनवर पहिले २४ तास ५००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात, आयफोनवर ही अट ७२ तास असते, त्यामुळे होडीसाठी बर्फ-डिझेल भरायचं असेल किंवा गणपतीचा बाजार करायचा असेल त्या दिवशी फोन बदलू नका. सिमकार्डच नवीन काढलं असेल तर त्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी पण नाही, ते एक दिवस आधी उरका. आणि कोणी फोन करून "ट्रान्सफर करून देतो, ओटीपी सांगा, स्क्रीन शेअर करा" म्हणालं तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर कॉल करा.

मग पंधरा दिवस नवीन फोन वापरायचा आणि जुना घरात ठेवायचा. या दिवसात एकेक आठवतं, डिजीलॉकर, गॅसचं बुकिंग, काजू-आंब्याची ई-पीक पाहणी, ऑफिसचं लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप, कुठेतरी नोट्समधे लिहिलेला एलआयसीचा नंबर. एक्स्चेंजमधे दुकानदार जुना लगेच मागतो, तर सरळ एक्स्चेंज सोडा, किंवा आधी सगळं उतरवून मगच द्यायला जा.

देताना मेमरी कार्ड आणि सिम काढा, सेटिंगमधून गुगलचा आयडी काढून टाका आणि त्यानंतरच फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा, आयडी न काढता नुसत्या बटणांनी रिसेट केला तर पुढच्या माणसाला तुमचाच पासवर्ड मागत बसतो. फोन फुगलेला दिसला, मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर तो चार्ज करू नका, दाबू नका, घरात पण ठेवू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.