जुनी ट्रायम्फ बॉनव्हिल घेताना आधी नंबर बघा

ब्रिटनमध्ये कॅफे रेसर (रेसिंगच्या धाटणीची हलकी, सुटसुटीत मोटरसायकल) करण्यासाठी ट्रायम्फची जुनी ६५० सीसी बॉनव्हिल शोधताना ट्रायम्फच्याच साध्या, एका कार्ब्युरेटरच्या टीआर६ चं इंजिन बॉनव्हिल म्हणून गळ्यात पडू शकतं. बॉनव्हिलसारखे दोन कार्ब्युरेटर दिसले म्हणून भुलू नका, ते नंतरही बसवता येतात. पैशाची बोलणी त्यानंतर, आधी हे करा:

१. इंजिनाच्या डाव्या अंगाला, सिलिंडरच्या बुडाखाली नंबर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरका धरून वाचा. बॉनव्हिल असेल तर त्यात तिचा मॉडेल कोड टी१२० दिसायलाच हवा.

२. हँडलच्या मुळाशी, फ्रेमच्या डाव्या बाजूला दुसरा नंबर असतो. ट्रायम्फच्या मेरिडन कारखान्यातून दोन्ही एकच ठोकून यायचे.

३. दोन्ही नंबर व्ही५सी या ब्रिटनमधल्या गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी अक्षर-अक्षर जुळवा.

७० च्या दशकातल्या इंजिनावर नंबरच्या खाली ट्रायम्फचे बारीक ठसे उमटवलेले असतात. ते घासून गुळगुळीत झाले असतील तर नंबर पुन्हा ठोकलाय असंच समजा आणि गाडी सोडून द्या, कितीही देखणी असली तरी. नंबरच्या सुरुवातीच्या दोन अक्षरांवरून काळही कळतो: ईडी म्हणजे मे १९७०.

ट्रायटन या जोडगाडीत फ्रेम नॉर्टनची आणि इंजिन ट्रायम्फचं, त्यामुळे तिथे नंबर जुळणारच नाहीत. कागदावर मात्र दोन्ही नोंदलेले हवेत.

नंबरवर पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात मारू नका. खरा ठसाही त्याने संशयास्पद दिसू लागतो, आणि पुढे विकताना किंमत पडते.