मध्ययुगीन देवळाची नोंदणी : पथकप्रमुखाने काय पाहावे

गावात पोहोचल्याबरोबर टेप काढू देऊ नका. पहिला अर्धा दिवस नुसते फिरून बघायला आणि क्रमांक ठरवायला ठेवा. नोंदणी फसते ती मापांपेक्षा नावांत जास्त. ‘डावी मूर्ती’ म्हणजे देवाच्या डावीकडची की बघणाऱ्याच्या, हे घरी परतल्यावर कुणालाच आठवत नाही. होकायंत्राने दिशा नक्की करा, आग्नेय कोपऱ्यापासून प्रदक्षिणेच्या दिशेने खांबांना ख१, ख२ असे क्रमांक द्या, आवारातल्या सुट्या शिल्पांना स१पासून. नकाशा, फोटो, नोंदवही, तिन्हीकडे तेच क्रमांक.

परवानगीचे काम महिनाभर आधी सुरू करा. केंद्र-संरक्षित स्मारकासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य-संरक्षितासाठी राज्याचे पुरातत्त्व संचालनालय. असंरक्षित देवळासाठी ट्रस्टचे किंवा ग्रामपंचायतीचे लेखी पत्र. ड्रोनची परवानगी वेगळी. ‘जरा उकरून बघू’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. ते उत्खनन होते.

तुमच्याशिवाय सहा जण पुरतात: दोघे टेपला, एक लिहायला, एक कॅमेऱ्याला, एक शिलालेख आणि मूर्ती पाहणारा, आणि गावातला एक माहीतगार, शक्यतो गुरव. कुठला दगड कुठून हलवला, हे बहुधा त्यालाच ठाऊक असते. लिहिणाऱ्याने प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणावा.

मापे घेताना टेपचे शून्य एकाच टोकाला ठेवून सलग वाचन करा. प्रत्येक गाळा (दोन खांबांमधली जागा) सुटा मोजला आणि दर वेळी अर्धा सेंटिमीटर एकाच बाजूला चुकला, तर दहा गाळ्यांत पाच सेंटिमीटर जातात. मंडपाचे दोन्ही कर्ण घ्याच. ते जुळले नाहीत तर पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर मंडपच तिरका आहे, कागदावर तो ‘सरळ’ करू नका. उंचीसाठी फरशीवर विसंबू नका, कारण खचलेली किंवा नंतर भर टाकलेली जमीन दगा देते. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने भिंतींवर समपातळीची दोरी बांधा आणि तिच्यापासून वर-खाली मोजा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की सगळ्या उंच्या चुकल्याच. तळनकाशा १:५० पुरे. तिथे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे पाच सेंटिमीटर, म्हणून द्वारशाखा, म्हणजे दाराच्या चौकटीचे कोरीव पट्टे, १:१० वर काढा.

शिलालेखावर खडू, पीठ, तेल काही लावू देऊ नका. अंधार पडल्यावर विजेरी दगडाला जवळजवळ चिकटवून चारही बाजूंनी आडवा प्रकाश टाका आणि प्रत्येक वेळी फोटो घ्या. अक्षरे उठून दिसतात. शेंदूर खरवडायचा नाही. गावासाठी तो देव आहे, आणि खरवडताना खालचा दगडही जातो. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या पुढच्या तिथींना बहुधा ७९.

त्रिमितीय मॉडेलसाठी लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा, आणि मध्येच झूम बदलायचा नाही.

रोज संध्याकाळी, गाव सोडण्याआधी, वही आणि फोटो ताडून घ्या. वहीत डाव्या पानावर दिसले ते, उजव्यावर अंदाज, आणि अंदाजापुढे करणाऱ्याची सही. ‘हेमाडपंती’ हा शब्द डाव्या पानावर येऊच देऊ नका. ‘चुन्याविना रचलेले घडीव दगड’ असे लिहा. अंबरनाथच्या देवळात शके ९८२चा, म्हणजे १०६०चा लेख आहे, आणि ज्याच्या नावावर ही शैली सांगतात तो हेमाद्री तेराव्या शतकातला.